उलट्या बाजूचा वाफा

४ सप्टेंबर

भिंगरे,

वर 'प्रिय' लिहायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. ठरलं की लिहीन.

तुझा निरोप पोचला. वीस नोव्हेंबरला येतेस, आईला घेऊन जातेस, तुझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीस, तिथं लिफ्ट आहे, परिचारिका आहे, कठड्याला धरून चालायची सोय आहे. छान. आईला विचारलंस? मला? उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर तुझ्यासारखीनं. बाबा गेल्यापासून एक अवाक्षर नाही, आणि आलं ते थेट फर्मान.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा केवढा फायदा आहे!

आता इथली हकीकत ऐक. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, चालायला काही हरकत नाही. हरकत आईची आहे. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवरून पडली ती धास्ती बसलीय. तोंड भिंतीकडे करून पडून असते. जन्मभर इस्पितळात परिचारिका होती, ऑपरेशन झालेल्या बायकांना 'चला, लाड पुरे झाले' म्हणून उठवून चालवायची, आणि आता स्वतःवर आली तर म्हणते, 'माझं झालं सगळं चालून.' व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आत्ता नाही उठल्या तर मग उठणारच नाहीत.

म्हणून तुझ्याशी पैज लावते. तू येशील तेव्हा आई त्या तीन पायऱ्या आपल्या पायांनी उतरून अंगणात आलेली असली, तर ती इथंच राहील आणि तू खोलीचं नाव काढायचं नाहीस. नाही उतरली, तर तिची बॅग मी माझ्या हातांनी भरून देईन.

कशी उतरवणार ते विचारशीलच. वाफे करणार आहे. अंगण आठवतंय ना? एका टोकाला रस्त्याकडचं फाटक, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराच्या पायऱ्या, पायऱ्यांना लागून आईची खिडकी. आणि तिथंच मागच्या गल्लीत उघडणारं ते बुटकं दार, ज्यातून आपण शाळेतून घरात घुसायचो. मध्ये आईचे वाफे होते तिथं आता गुडघाभर गवत माजलंय. तिथं असं काही फुलवते की आईला खाली उतरल्याशिवाय चैन पडणार नाही.

हस, हस. कुंडीतला पुदिनासुद्धा मी मारला होता, माहीत आहे मला. पण तेव्हा माझं काही अडलं नव्हतं.

ताई

१४ सप्टेंबर

भिंगरे,

'ठीक आहे. पण मध्ये पुन्हा पडली तर पैज संपली.' एवढंच उत्तर? शाई महाग झालीय का तुमच्याकडे? असो. मान्य.

गवत काढलं, माती खणली, शेणखत मिसळलं. पाठ कुरकुरते आहे, तिच्याकडे लक्ष देत नाही. मग नर्सरीत गेले आणि माझं डोकंच फिरलं. जे जे फुललेलं दिसलं ते एकेक उचललं. एक लाल, एक पिवळं, एक जांभळं, एक कसलंसं ठिपक्यांचं. घरी आणून अंगणात मांडलं तर माझ्या शिवणयंत्राखालची चिंध्यांची टोपली उपडी केल्यासारखं दिसायला लागलं. कुठं म्हणून डोळा ठरेना.

परत गेले. नर्सरीवाला म्हणतो, "ताई, एकेक नाही लावायचं. एकाच जातीची पाच-सहा रोपं घोळक्यानं लावा."

"वा! म्हणजे गल्ला तुमचा भरेल."

"तुम्ही माझा शर्ट शिवलात तेव्हा प्रत्येक बटण वेगळ्या रंगाचं लावलंत का?"

लेकाचा बरोबर बोलला. घोळक्यानं घेतली. तीनच रंग ठरवले, पिवळा, केशरी आणि गडद लाल, आणि डोळ्याला विसावा म्हणून मध्ये मध्ये राखाडी पानांची झुडपं.

आता आकार. कापडावर कागद ठेवून बेतता येतं, जमिनीवर काय ठेवणार? मग पाण्याची नळी टाकली. तिला पायानं ढकलायचं, फाटकापाशी जाऊन डोळे बारीक करून बघायचं, परत येऊन ढकलायचं. पोस्टमन अर्धा तास हे बघत उभा होता. त्याला वाटलं असणार, म्हातारीला साप चावलाय बहुतेक. शेवटी वळण मनासारखं बसलं तेव्हा त्यावरून चुन्याची रेघ ओढली. रुंदी एवढीच ठेवली की दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचावा. नाहीतर गवत उपटायला आत पाय ठेवावा लागतो आणि केलेली माती पुन्हा दबते.

सगळ्यात मागे उंच सूर्यफुलं आणि डेलिया, मध्ये झिनिया, पुढे बुटका झेंडू. शाळेतल्या फोटोसारखं, उंच मुलं मागे.

आई भिंतीकडेच तोंड करून आहे. पण आज म्हणाली, "कुदळ फार आपटतेस." म्हणजे कान तरी अंगणात आहेत.

ताई

२९ सप्टेंबर

भिंगरे,

आज मला माझंच थोबाड फोडावंसं वाटतंय. सांगते.

वाफा झाला. काय झाला म्हणतेस! रस्त्यावरून जाणारी माणसं फाटकापाशी थांबायला लागली. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं मापाचं विसरून रोपांची चौकशी करतात. मी आपली फुशारून गेले. रोज आईला म्हणायचे, "अगं, जरा मान वळवून बघ तरी." तिनं एकदाच वळवली, बघितलं, 'हं' म्हणाली आणि पुन्हा भिंत. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. म्हटलं, हिला काही म्हणजे काही नको आहे, पालथ्या घड्यावर पाणी.

आज तिच्या पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. सहज खिडकीतून बाहेर बघितलं. आणि काय दिसलं? सूर्यफुलांचे दांडके. त्यांना आधाराला बांधलेल्या काठ्या, सुतळीच्या गाठी, खालची पिवळी पडलेली पानं. झेंडू नाही, झिनिया नाही, फूल म्हणून एक नाही. सूर्यफुलांचीसुद्धा पाठ!

चाळीस वर्षं कपडे शिवते मी. कापडाची सुलटी बाजू कुठली, उलटी कुठली, हे मला डोळे मिटून बोटांना कळतं. आणि हा अख्खा वाफा मी आईकडे उलटी बाजू करून शिवला! नळी ढकलून बघायला फाटकात जात होते ना. रस्त्यासाठी बाग केली मी, पोस्टमनसाठी.

आईला म्हटलं, "तू बोलली का नाहीस?"

म्हणाली, "त्यात बोलायचं काय? बाग अशीच असते. तोंड फाटकाकडे. येणाऱ्याला छान वाटलं पाहिजे."

"तुझे वाफेपण असेच होते?"

"मग काय!"

"म्हणजे सगळी वर्षं स्वयंपाकघरातून तुला नुसते दांडकेच दिसायचे?"

"दांडका दिसला की पलीकडे फूल आहे हे कळतं. घरच्या माणसाला तेवढं पुरतं."

मला भडभडून आलं, भिंगरे. घड्या तशाच टाकून उठले. तिला पुरत असेल, मला नाही पुरत.

आणि येणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. बाबांच्या वेळी तू आलीस ती फाटकाची घंटा वाजवून. बॅग लॉजवर ठेवून. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसलीस, आणि आईनं तुझ्यासाठी पाहुण्यांचे कप काढले. स्वतःच्या लेकीसाठी! मला ते कप अजून दिसतात. तू म्हणशील, ताईनं तोंड फिरवलं म्हणून मी लॉजवर गेले. मी म्हणेन, तू लॉजवर गेलीस म्हणून मी तोंड फिरवलं. हे आपण वीस तारखेला भांडू, समोरासमोर.

आज हाताशी काम आहे. अख्खा वाफा उसवते आहे.

ताई

११ ऑक्टोबर

भिंगरे,

नर्सरीवाला म्हणाला होता, ऐन बहरात रोपं हलवू नका, मरतील. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. हलवली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मुळांभोवती मातीचा गड्डा ठेवून, एकेक. आता उंच सगळी फाटकाकडे, बुटकी सगळी खिडकीकडे. पहिले चार दिवस सगळ्यांनी माना टाकल्या. माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणे, हे व्यायामवाली सांगते. मग अर्ध्याअधिकांनी मान उचलली. बाकीची गेली. बहुतेकांच्या जागी नवी आणली.

आणि ऐक! नवा झेंडू लावत होते, तर खिडकीतून खणखणीत आवाज आला, "अगं बये, गळ्यापर्यंत काय पुरतेस त्याला! समाधी घेतोय का तो?"

मी वळून बघितलं तर आई पलंगावर उठून बसलेली, खिडकीचा गज धरून.

मी म्हटलं, "मग किती खोल लावू?"

"पिशवीत होता तेवढाच. आणि दोघांत वीतभर जागा सोड. माणसं आहेत का ती, खेटून बसायला?"

त्यानंतर माझ्या डोक्यात जे आलं ते ऐकून तू मला बदमाश म्हणशील. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चूक केली. झिनिया वाकडी लावली. आई ओरडली. तिसऱ्या दिवशी थोडी लांब, वळणाआड चूक केली, पलंगावरून नीट दिसणार नाही अशी. ती वॉकर घेऊन खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीपर्यंत आली. मग वळणाच्या टोकाला लाल डेलियाचा घोळका असा लावला की खुर्चीतून निम्माच दिसावा. निम्मं दिसलं की आईला राहवत नाही, तुला माहीत आहे. शेजाऱ्यांचं पार्सल आलं तरी आत काय आहे ते कळेपर्यंत तिला घास जायचा नाही. काल ती दारापर्यंत आली! उंबऱ्याशी वॉकर टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "तीनदा एकच चूक शहाणं माणूस करत नाही. इस्पितळात सोंग घेणारे रोगी मी पुष्कळ बघितलेत."

मी म्हटलं, "मी शहाणी आहे असं तुला कुणी सांगितलं?"

हसली. भिंगरे, हसली ती.

पायऱ्यांकडे बघितलं मात्र आणि परत फिरली. पण मी सोडणार नाही.

ताई

२२ ऑक्टोबर

भिंगरे,

आई बरी आहे. फार लिहीत नाही, शिवायचे कपडे साठलेत. तारीख बदलू नकोस.

ताई

३ नोव्हेंबर

भिंगरे,

तर तू व्यायामवालीला फोन केलास. पोरगी भोळी, विचारलंस तर सांगणारच. आता लपवण्यात अर्थ नाही.

हो, आई पडली. माझ्या दंडाला धरून दोन पायऱ्या उतरली, तिसरी उतरली, मला वाटलं जग जिंकलं. मग वाफ्याच्या कडेला वॉकर टेकवला तो भुसभुशीत मातीत रुतला. ती कलली आणि थेट झेंडूत बसली. मी धरलेली होती म्हणून आपटली नाही. फोटो काढून आणले, हाडाला काही झालेलं नाही. पण धीर गेला. परत पलंग, परत भिंत. खिडकीचा पडदासुद्धा ओढून घेतला. तुला कळवलं नाही, कारण तू काय लिहिशील ते मला पाठ होतं. आणि तेच लिहिलंस. 'पैज संपली. खोली नक्की केली आहे.'

तुझा राग कळतो मला. तुला तिथं बसून रोज भीती वाटते, फोन वाजला की छातीत धस्स होतं, हे तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. एवढं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. पण मीही इथं काही मजा मारत नाही. मला एकटीला या घरात यंत्राचा आवाज ऐकत बसायचं नाहीये. झालं? आलं बाहेर? आई गेली तर मी कुणाशी भांडू?

चूक मातीची होती. बाग करताना मी फुलांचा विचार केला, पायाचा केला नाही. माणसानं उभं कुठं राहायचं, टेकायचं कशाला, हे आधी बेतायला हवं होतं आणि फुलं मागाहून. तर आता तेच करते आहे. पायऱ्यांपासून डेलियापर्यंत विटांची वाट, वॉकर रुतणार नाही अशी पक्की, वाळूवर बसवून, ठोकून. पायऱ्यांना लोहाराकडून कठडा बसवून घेतला. वाटेच्या मध्यावर बसायला एक बाक. वाफ्याची कड विटांनी बांधली, म्हणजे माती वाटेवर येणार नाही. विटा मीच वाहते आहे. गवंडी म्हणाला पुढच्या महिन्यात येतो. पुढचा महिना कुणाला हवाय?

पैज तू जिंकलीस, कबूल. पण वीस तारीख अजून यायची आहे. वाट बांधून होईपर्यंत मी थांबणार नाही.

ताई

१६ नोव्हेंबर

प्रिय भिंगरे,

हे पत्र पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षर लावून घे. शेवटची वीट बसवली आणि पाठीनं दगा दिला. वाकले ती वाकलेलीच राहिले. डॉक्टर म्हणाले कडक अंथरुणावर निजायचं, हालायचं नाही. कडक अंथरूण घरात एकच, आईचं. तेव्हा आता आईच्या पलंगावर मी आणि खुर्चीत आई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मनात म्हटलं, आता भिंगरी दोघींनाही बॅगेत भरून नेणार.

मला पलंगावर आडवी बघितली आणि आईचा आवाजच बदलला. तो इस्पितळातला आवाज, तुला आठवतो? "हालायचं नाही. उशी काढ. रडायचं नाही, मी बसले आहे." माझ्या पाठीखाली स्वतः घडी सारली. दुपारी वॉकर ढकलत चहा करून आणला, निम्मा बशीत, निम्मा जमिनीवर. मी म्हटलं, "अगं, तू चालतेस!" म्हणाली, "मग काय करू? घरात दोन-दोन रोगी चालतात का?"

पडदा तिनंच उघडला, मला उजेड हवा म्हणून. रोपांना दोन दिवस पाणी नव्हतं, झिनियानं माना टाकलेल्या. मी म्हटलं, "शेजारणीला सांगते." आई म्हणाली, "ती मुळांना सोडून फुलांना अंघोळ घालेल." आणि खिडकीतून बोटानं वाकलेली रोपं मोजायला लागली.

आज सकाळी जाग आली ती काठीच्या टकटकीनं. खुर्ची रिकामी. वॉकर खुर्चीपाशीच. उठता येईना, आणि हाक मारावी तर ती दचकेल. खिडकीतून बघितलं. आई पहिल्या पायरीवर. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात बाबांची काठी, आणि तोंडानं मोठ्यानं म्हणते आहे, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी." तेच, रोग्यांना म्हणायची ते. दुखरा पाय टेकवला. मग चांगला. पुन्हा दुखरा. मी चादरीचा बोळा तोंडात धरून पडले होते, खोटं नाही सांगत. तिसरी पायरी उतरली. विटांवर काठी टेकवून बघितली, दोनदा. वाट पक्की आहे याची खात्री झाली तेव्हा निघाली. नळावर झारी अर्धी भरली, उचलली, बाकापर्यंत गेली, बसली, आणि बसल्या बसल्या झेंडूच्या मुळाशी पाणी सोडायला लागली.

आणि तेव्हा मला माझा वाफा दिसला. या खिडकीतून, सुलट्या बाजूनं. पुढे केशरी, मग लाल, मग पिवळी सूर्यफुलं, आणि मध्ये पांढऱ्या केसांची आई. मी ढसाढसा रडले. तिनं वळून बघितलं आणि ओरडली, "रडतेस काय? सुकलेली फुलं खुडायची असतात एवढंही कळत नाही? निम्मी बाग मेलेल्या फुलांनी भरलीय!"

मग मी तिला पैजेचं सांगितलं. म्हणाली, "माझ्यावर पैज? मी काय घोडा आहे?" आणि पुढे म्हणाली, "भिंगरीला कळव. खोली ठेवायची असेल तर ठेव म्हणावं, स्वतःसाठी. मी इथंच आहे." तेव्हा पैज तू जिंकलीस, आणि आईनं आपल्या दोघींना काडीची किंमत दिली नाही. माझी तक्रार नाही. तुझी असेल तर तिच्यापुढे मांड, मी मध्ये पडणार नाही. पाठ दुखते आहे माझी.

वाफ्याच्या पुढच्या कडेला एक हातभर जागा मोकळी आहे, हलवताना मेलेल्या रोपांची. मी तिथं राखाडी झुडूप लावणार होते. आई म्हणाली, "राहू दे. तिला काहीतरी आणायला सांग."

तर वीस तारखेला ये. लॉजवर खोली घेऊ नकोस, तुझ्या खोलीतले कपड्यांचे गठ्ठे मी हलवून ठेवते, म्हणजे शेजारणीकडून हलवून घेते. आणि फाटकातून येऊ नकोस. तिकडून आता नुसत्या काठ्या आणि दांडके दिसतात, पाहुण्यांना तेवढंच. गल्लीतून ये, मागच्या दारानं. कडी काढून ठेवायला आईला सांगितलंय. तिथवर ती आता जाते.

तुझी,
ताई